कपाचा कान

कॅलहॅम, अलाबामा
१० एप्रिल १९७२

चि. डीलिया हिस ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझी लेक आज सकाळच्या बसने निघाली. डेट्रॉइटला पोचल्यावर तिला आधी नीट जेवायला घाल. इथे चार घास खाऊन ताटावरून उठायची. मी कोलार्डची भाजी डुकराच्या चरबीत शिजवली, तर म्हणाली, मावशी, एवढी चरबी हृदयाला चांगली नाही. मी म्हटलं, बाई गं, या भाजीवर तुझी आई वाढली. तर म्हणते, म्हणूनच तिचं हृदय असं झालंय. नर्स झालेल्या पोरीशी वाद घालू नये.

माझा घोटा सुजून भोपळा झाला आहे. शाळा मंडळाच्या सभेला गेले होते. काळी-गोरी पोरं एकत्र शिकायला लागली म्हणून आपली जुनी शाळा आता खताचं गोदाम करायला निघालेत. सभापतींनी मला दोन मिनिटं दिली. ती मी घेतली, आणि त्यांचीही बरीच घेतली. खाली उतरताना पायरी चुकली. गावभर झालंय की मिस पुरिफॉय स्वतःच्याच भाषणाच्या जोरावर पडली.

मी अशी पलंगाला खिळलेली, म्हणून जॉयसने आपल्या चर्चच्या डीकन हॅमंडकडून मालाची गाडी मागून आणली आणि ओढ्यापलीकडची आपली दफनभूमी एकटीने साफ केली. ईस्टरच्या रजेत दुसरं काही केलंच नाही तिने. हाताला फोड आले. मला म्हणाली, बघाल तेव्हा ओळखणार नाही. मी अजून पाहिलेली नाही, पाय टेकला की जाईन. पोर गुणाची आहे, एवढं तुला कळवते. तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

औषधं वेळेवर घे. लोभ आहेच, त्यात घट नको.

तुझी
ओझेला


डेट्रॉइट
१७ एप्रिल १९७२

ती. ताईस डीलियाचा सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसले. डॉक्टर म्हणतात माझं हृदय मोठं झालं आहे. मी त्यांना म्हटलं, हे जरा आमच्या ताईला लिहून कळवा, ती जन्मभर म्हणत आली की धाकटीचं मन कोतं. डॉक्टर मात्र हसले नाहीत, त्यावरून काय ते समज. म्हणून आता सरळच लिहिते. मला इथे ठेवायचं नाही. इथल्या स्मशानात रांगेला नंबर असतात. मला आईशेजारी आणा. तिने माझी जागा राखून ठेवलीय, तिच्या आणि लॉटीच्या मध्ये. आठवतं ना, ती म्हणायची, हिला उत्तरेचं वारं लागलंय, ही जाणार. जागा ठेवली म्हणजे परत तरी येईल.

काल जॉयसला जवळ बसवून विचारलं, कशी केलीस साफसफाई? ती खुशीत सांगत होती. झुडपं काढली, माती दाताळ्याने सपाट केली, गवताचं चांगलं बी पेरलं, वर पेंढा पसरला. आणि म्हणाली, लोक किती वाईट असतात गं, आपल्या माणसांवर कुणीतरी वर्षानुवर्षं कचरा टाकत होतं. फुटके कप, कंदिलाच्या काचा, मोडकं घड्याळ, तोटी गेलेला जग. दोन गाड्या भरून गावाच्या उकिरड्यावर टाकून आले.

ताई, आधी मी हसले, कारण ती इतक्या रागाने सांगत होती. मग माझं हसू थांबलं. पाणी हवंय म्हणून उठले.

तू जाऊन बघ. पाय दुखत असला तरी जा.

तुझी धाकटी
डीलिया


कॅलहॅम
२३ एप्रिल १९७२

चि. डीलियास आशीर्वाद.

जाऊन आले. डीकन हॅमंडने गाडीतून नेलं आणि काठीवर मी आत गेले.

काही नाही उरलेलं. थडग्यांचे उंचवटे नाहीत, त्यांवरचे शिंपले नाहीत, कप नाहीत, काही नाही. कोर्टाच्या इमारतीपुढे असते तशी हिरवळ उगवते आहे. जिथे आपण आयुष्यभर एक काडी उगवू दिली नाही, जिथे आई दर मे महिन्यात झाडू घेऊन उभी राहायची, तिथे गवत! मेलेल्या माणसावर गवत वाढू देणं म्हणजे त्याच्या घराचं दार उघडं टाकून निघून जाणं, असं आजी डायसी म्हणायची. उकिरड्यावरही गेले. तिथे परवाच यंत्र फिरवून सगळं दाबून टाकलंय.

उभा आहे तो एकच दगड, प्रिन्सकाकाचा. पांढरा, सरळ, सरकारी. बाकी कुणाला आपल्याकडे कधी दगड होता? गोऱ्यांच्या टेकडीवर संगमरवराचे देवदूत बसलेत, आणि आपल्याकडे माणसाने शेवटचं ज्यातून पाणी प्यायलं ते भांडं. तेच नाव, तीच तारीख, तीच पाटी. मी या गावात चाळीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं. तुला उत्तरेला धाडलं ते तुझ्या पोरांनी न घाबरता वाचावं म्हणून. आणि माझ्याच भाचीला आपल्या आज्यापणज्यांची नावं वाचता आली नाहीत. तिने ती झाडून गाडीत भरली!

मला ओरडावंसं वाटत होतं, पण तिथे ऐकायला हॅमंड तेवढा होता, आणि त्याला ऐकू कमी येतं.

तुझ्या जागेचं मी त्याला विचारलं. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, मिस ओझेला, कोण कुठे आहे हे ठाऊक असल्याशिवाय मी तिथे खोरं मारणार नाही. ज्याच्या डोक्यावर पडेल तो रोज येऊन मला जाब विचारेल. चर्चची दुसरी माणसंही हेच म्हणतात. आणि डीलिया, त्यांचं बरोबर आहे. आई आणि लॉटी यांच्यामध्ये एका माणसापुरतीच फट आहे. अंदाजाने खणायला तो बटाट्याचा वाफा नाही.

मला पक्कं आठवतं, आई कुंपणापासून तिसरी. तुला काय आठवतं ते लिही. मनाला लावून घेऊ नकोस. हे लिहायचं म्हणून लिहिते आहे, माझ्या स्वतःच्या मनाला किती लागलंय ते मलाच ठाऊक.

तुझी ताई


डेट्रॉइट
१ मे १९७२

ती. ओझेलामावशीस जॉयसचा सा. नमस्कार.

आईने तुमचं पत्र उशीखाली ठेवलं होतं. मी ते वाचलं. आता तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा, मी ऐकून घेईन. त्या दिवसापासून मी दर वेळी कप धुताना थांबते.

पण मावशी, मलाही एक म्हणायचं आहे. मला कुणी कधी सांगितलं? आमच्या घरात कॅलहॅम म्हणजे रताळ्याची गोड पाई आणि अक्रोडासारखे पेकान. त्यापुढे विचारलं की आई भांडी आवरायला घ्यायची. तिच्या सगळ्या गोष्टी उत्तरेच्या गाडीत बसल्यापासून सुरू होतात. गाडीच्या आधी काय होतं, कोण होतं, ते तुम्ही दोघींनी कुलूप लावून ठेवलंत. आमची पोरं इथे सुखाने वाढू देत, तिथलं ओझं त्यांना नको, असं तुम्हाला वाटलं असेल. ठीक आहे. पण मग मी माझ्या माणसांवर फुटक्या काचांचा ढीग पाहिला तेव्हा मला काय वाटायला हवं होतं? मला वाटलं, आमच्या मेलेल्यांनाही हे गाव सोडत नाही. रडत रडत उचललंय मी ते सगळं.

आईला काल इस्पितळात ठेवलं आहे. पायावर सूज आहे, श्वास लागतो. ती एकच विचारते, ताईचं पत्र आलं का? ती माझ्यावर रागावत नाही, हेच मला जड जातं.

मला सांगा, तिथे कोण कोण आहे. कुणावर काय होतं. सगळं सांगा.

तुमची भाची
जॉयस


कॅलहॅम
९ मे १९७२

चि. जॉयस हिस मावशीचे आशीर्वाद, आणि हे आशीर्वाद रागासकट घे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. उत्तर देण्यासारखं पुष्कळ सुचलं, पण तुझ्या प्रश्नाला उत्तर देते, कारण प्रश्न योग्य आहे. कागद जवळ घेऊन बसू नकोस. वाच, आणि डोक्यात ठेव. कागदही उकिरड्यावर जातो.

तोटी गेलेला पांढरा जग होता ना? ती तुझी पणजी डायसी. ती गुलाम म्हणून जन्मली. मालकिणीने तिला विहिरीवर पाणी आणायला पाठवलं होतं, तिथेच कुणीतरी सांगितलं की सुटलो, सगळे सुटलो. ती जग हातात घेऊन तशीच रस्त्याला लागली. मालकीण अजून पाण्याची वाट बघत असेल. तो जग ती जाईपर्यंत आमच्या घरात होता, आणि त्याच्याइतका मान आमच्याकडे दुसऱ्या भांड्याला नव्हता.

कंदिलाची काच तिच्या नवऱ्याची, इसावची. तो नदीवर नाव चालवायचा. ओढ्यापलीकडची ती जमीन त्याने घेतली, कारण गोऱ्यांच्या टेकडीवर आम्हाला जागा नव्हती, आणि मेल्यावर तरी कुणाची परवानगी मागायची नाही असं त्याने ठरवलं होतं.

गजराचं घड्याळ माझ्या बाबांचं, सिमियनचं. लाकडाच्या गिरणीत जन्मभर राबले. ते गेले तेव्हा घड्याळाचे काटे मीच थांबवले. म्हटलं, आता कुणाच्या बापाची भोंगा वाजवायची हिंमत नाही, झोपा.

इवलीशी बाहुलीची बशी लॉटीची. माझ्या पाठची, तुझ्या आईच्या आधीची. तापाने गेली. तिचं म्हणून घरात दुसरं काही नव्हतं.

दाढीचा आरसा प्रिन्सकाकाचा. बाबांचा सर्वांत धाकटा भाऊ. लढाईवरून गणवेशात परत आला, कोर्टाच्या पायऱ्या चढला आणि म्हणाला, माझं नाव मतदारांत घाला. त्याच आठवड्यात पुलाखाली सापडला. सरकारने त्याला दगड पाठवला. सरकारपाशी त्याच्यासाठी दगड होता, चौकशी नव्हती. तेव्हापासून या गावात एकही सभा मी चुकवलेली नाही. मी फार बोलते असं तुझी आई म्हणते ना? प्रिन्सचं वाक्य अर्धं राहिलं होतं, ते मी पुरं करते आहे.

आणि निळ्या काठाचा, कान नसलेला पांढरा कप माझ्या आईचा. लिआथा तिचं नाव. तिच्याबद्दल तुझी आई सांगेल. तिला बोलतं कर.

सगळं फुटकं का, तर ठेवताना फोडूनच ठेवायचं. भांडं तुटलं की मरणाची साखळी तुटते, मागच्यांना ओढत नाही.

पुढच्या पत्रात ही सगळी नावं न बघता लिहून पाठव. मी तपासणार आहे.

ओझेला मावशी


इस्पितळातून, डेट्रॉइट
२० मे १९७२

ती. ताईस नमस्कार.

जॉयस लिहून घेते आहे, मी सांगते आहे. ती मध्ये मध्ये डोळे पुसते, म्हणून अक्षर वाकडं आलं तर माझ्यावर घालू नकोस.

कुंपणापासून तिसरी हे साफ चूक. ताई, तू शाळेत हुशार होतीस, पण कुंपण बाबांनी नंतर सरकवलं हे तू विसरलीस. डुकरं शिरत होती म्हणून. आईला मातीत ठेवलं तेव्हा मी डोक्याशी उभी होते. तू पायाशी, बाबांना धरून. दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं माझं तिकीट झग्याच्या खिशात होतं. मला रडू येत नव्हतं आणि त्याची लाज वाटत होती, म्हणून मी समोर बघत राहिले. समोरच्या चढावर माउंट निबो चर्चची घंटा दिसत होती, दोन देवदारांच्या बरोबर मधोमध, जशी गलोलीच्या बेचक्यात. पाळकांची प्रार्थना संपेपर्यंत मी घंटाच बघत होते. अजून डोळे मिटले की तिथे उभी असते.

आणि एक तुला ठाऊक नाही. कप मला ठेवायला दिला होता. सगळे वळले तेव्हा मी तो खोऱ्याच्या दांड्यावर आपटला. कान तुटला. तो मी मातीत अंगठ्याने खोल दाबला, तिच्या उशाशी. का, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढी सगळी मी निघून जाणार होते, काहीतरी तिथे राहावं असं वाटलं असेल.

कप जॉयसने नेला. कान तिने नेलेला नाही.

जॉयस म्हणते मी तुमच्या परीक्षेला बसते आहे. डायसी, इसाव, सिमियन, लिआथा, प्रिन्स, लॉटी. जग, कंदील, घड्याळ, कप, आरसा, बशी. मी इथे पडल्या पडल्या ऐकलं, तिने कुठे बघितलं नाही.

घंटा शोध, ताई.

डीलिया


कॅलहॅम
४ जून १९७२

चि. डीलियास आशीर्वाद.

दोन देवदारांपैकी एक वादळात पडला, पण बुंधा आहे. बुंधा आणि उभं झाड यांच्यामध्ये घंटा येईल अशी मी मागे पुढे सरकत राहिले. हॅमंड म्हणाला, मिस ओझेला, तुम्ही नाचता आहात का? मी म्हटलं, हो, बोट धरायला या.

एक रेघ मिळाली, पण रेघेवर आई कुठे? तेव्हा मला माझी आठवण आली. प्रिन्सला खाली सोडत होते तेव्हा गर्दी इतकी होती की मी मागे सरकले आणि माझी टाच आईच्या कपाला लागली. कप घरंगळला. बाबा तशा दुःखातही माझ्यावर खेकसले होते, आईच्या उशाशी पाय देतेस? तेव्हा तू इथे नव्हतीस, म्हणून हे तुला ठाऊक नाही, आणि घंटेचं मला ठाऊक नव्हतं. आपण दोघींनी एक एक डोळा घेऊन ठेवला होता.

प्रिन्सच्या दगडापुढे त्या दिवशी होते तशी उभी राहिले, एक पाऊल मागे घेतलं, आणि तुझ्या घंटेच्या रेघेवर आले. गवत खरवडलं. गुडघ्यावर बसून बोटांनीच माती काढली. खुरपं हाती घ्यायचा धीर होईना.

सापडला, डीलिया. निळा काठ आहे अजून. लहान मुलाच्या कानाएवढाच आहे.

होता तिथेच परत दाबून ठेवला. हॅमंडने टोपी काढली आणि शेजारी लाकडी खुंटी ठोकली. तुझ्या जागेची. आता कुणी म्हणू दे मला ठाऊक नाही म्हणून.

तुला एवढंच सांगते की घाई करू नकोस. जागा राखलेली आहे, ती कुठे जात नाही. आणि मी म्हणाले होते कुंपणापासून तिसरी, ते तू चारचौघांत सांगत फिरशील, तेवढं नको.

तुझी
ताई


डेट्रॉइट
२१ ऑगस्ट १९७२

ती. मावशीस जॉयसचा नमस्कार.

सुखरूप पोचले. घर रिकामं आहे, त्याबद्दल लिहीत नाही.

खणताना डीकन हॅमंड वर बघून म्हणाले होते, माती कोरी आहे, इथे कधी खोरं लागलेलं नाही. ते मला रोज आठवतं. त्या वेळी मी तुमचा हात किती जोरात धरला होता, वळ उठला असेल.

गडबडीत मी एक गोष्ट इथेच विसरले. आई इस्पितळातल्या कागदी पेल्यातून पाणी प्यायची नाही, म्हणून मी तिचा घरचा पिवळा कप नेला होता. शेवटचा घोट तिने त्यातूनच घेतला. तुम्ही म्हणालात नंतर ठेवलं तरी चालतं, म्हणून उशीर झाला नसेल अशी आशा आहे. कप वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. आधी टॉवेलात, मग वर्तमानपत्रांत, मग पेंढ्यात बांधला आहे. टपालात फुटायला नको.

मला सारखं वाटतं, आई माझ्यावर एकदा तरी रागवायला हवी होती.

लोभ करता, तसाच करत राहा.

तुमची
जॉयस


कॅलहॅम
३ सप्टेंबर १९७२

चि. जॉयस हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. उघडायला मला आणि शेजारणीला सकाळ गेली. एवढं तर आम्ही लग्नातल्या काचेच्या सामानालाही बांधत नाही. कप आला, त्याला चरासुद्धा नाही. शेजारीण म्हणाली, तुमची भाची नर्स आहे हे कळतं, पट्ट्या बांधायला शिकलीय.

आई तुझ्यावर रागवली नाही, कारण रागवायला तिला कारण दिसलं नाही. शेवटच्या पत्रातली तिची घंटेची आणि कानाची गोष्ट तूच लिहून घेतलीस ना? ती तिने एकट्या माझ्यासाठी सांगितली नव्हती. असो, तुझी परीक्षा तपासली. लॉटी शेवटी आली, ती लिआथाच्या आधी हवी. एक गुण कापला आहे.

गवत मी खरवडून काढलं. आता बाकीच्यांची जागा हळूहळू जुळते आहे. लिआथा सापडल्यावर बाबा तिच्या पलीकडे, लॉटी तुझ्या आईच्या पलीकडे, इसाव आणि डायसी मागच्या रांगेत. उंचवटे पुन्हा केले आहेत. वर दुसरे कप जग आणून ठेवा असं चर्चमधल्या बायका म्हणाल्या. मी नाही म्हटलं. ज्यातून डायसी प्यायली नाही तो जग तिच्या उशाशी ठेवून मी तिला फसवणार नाही. त्यांच्या जागा आता मला माहीत आहेत आणि पुढे तुला माहीत असतील.

शाळा मंडळ पुन्हा भरतंय. गोदामाचा ठराव पुढे ढकलला. मी जाणार आहे, या वेळी पायऱ्यांना कठडा धरून.

आणखी एक, नंतर शोधाशोध नको म्हणून आत्ताच लिहिते. माझी ती चहाची हिरवी किटली आहे ना, झाकणाला दोरा बांधलेली. ती माझी. माझी जागा बाबांच्या पलीकडे, कुंपणाकडेला, म्हणजे रस्त्यावरून कोण जातंय ते दिसेल.

आता कपाचं. मी तो घेऊन ओढ्यापलीकडे गेले. खोरं नेलं होतं. हात वर केला आणि खाली आणवेना. माझं वय झालं असेल किंवा कप फार चांगला बांधून आलाय. परत घरी आणला आणि खिडकीत ठेवला आहे, कानासकट, अखंड.

मे महिन्यात सगळे झाडायला येतात. तू ये. या वेळी दाताळं नको, झाडू आण. आणि कपाचा कान तू तोड. कुठे दाबायचा ते तुला माहीत आहे.

लोभ वाढू दे, गवत तेवढं वाढू देऊ नकोस.

तुझी
ओझेला मावशी